कठडा, मजुरी, हरवलेली वस्तू : आठवड्याच्या तोरा-वाचनातून रोजचं वागणं कसं शोधायचं

विहिरीला कठडा का हवा हे कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोरं वाकून बघतात, पावसाळ्यात शेवाळावरून पाय सरकतो. यहुद्यांच्या तोरा या धर्मग्रंथाच्या पाचव्या पुस्तकात, २२व्या अध्यायाच्या ८व्या वचनात, हीच गोष्ट घराच्या धाब्याबद्दल सांगितली आहे : नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, म्हणजे पडणारा तिथून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. हे वचन सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात, वर्षातल्या एका ठरलेल्या शब्बाथाला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) वाचलं जातं. त्या आठवड्याला नेमून दिलेल्या भागाला पराशा म्हणतात. तो नुसता ऐकून घरी यायचं नसतं, त्यातून आठवडाभराचं वागणं शोधायचं असतं. हे शोधणं म्हणजे नेमकं काय करणं, ते इथे एका पराशाच्या आधाराने पाहू.

आधी हिशेब. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. मराठी बायबलमध्ये उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या नावांनी तेच आहेत. त्यांचे ५४ भाग केलेले आहेत : पहिल्यात १२, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी १०, पाचव्यात ११. वाचन तिश्री महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, सिमहात तोराच्या सणाला संपतं आणि त्याच दिवशी पुन्हा पहिल्या वचनापासून सुरू होतं. हिब्रू पंचांगात आपल्यासारखाच अधिक महिना येतो, १९ वर्षांत ७ वेळा. ज्या वर्षी तो नसतो त्या वर्षी शब्बाथ कमी पडतात, मग काही पराशा जोडून वाचतात. अशा जोडता येणाऱ्या ७ जोड्या आहेत. दुसरी एक गंमत बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, कुटुंबांच्या लगेच लक्षात येते. काही सण इस्राएलच्या बाहेर एक दिवस जास्त पाळतात. तो जादा दिवस शब्बाथाला आला की इस्राएलमध्ये पुढची पराशा वाचली जाते आणि बाहेर सणाचं वाचन होतं. मग पुढचे काही आठवडे ठाण्यातली मावशी आणि दिमोना किंवा अश्दोदमधली भाची वेगवेगळ्या पराशावर असतात. फोनवर बोलताना गोंधळ होतो, पण चूक कुणाचीच नसते.

एका पराशाचे सात तुकडे पडतात. शब्बाथाच्या सकाळी प्रत्येक तुकड्याला एकेकाला वर बोलावतात, त्याला अलिया म्हणतात. सेफर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, चामड्यावर हाताने लिहिलेला असतो. त्यात स्वरचिन्हं नसतात, विरामचिन्हं नसतात, चालीच्या खुणाही नसतात, त्यामुळे वाचणाऱ्याला सगळं आधी पाठ करून यावं लागतं. बोट न लावता टोकदार काठीने ओळ दाखवतात. अर्थ बदलेल अशी चूक झाली तर शेजारी उभा असलेला तिथेच थांबवतो आणि तो शब्द पुन्हा वाचायला लावतो. ही शिस्त मुद्दाम सांगितली, कारण घरी वाचतानाही तीच लागते : शब्द जसा आहे तसा आधी वाचायचा, मनात आलेला अर्थ त्यावर ठेवायचा नाही.

ताल्मुद म्हणजे रब्बींच्या, यहुदी धर्मपंडितांच्या, चर्चांचा जुना संग्रह. त्यातल्या बेराखोत या भागात घरच्या वाचनाचा नियम दिला आहे : मूळ पाठ दोनदा आणि भाषांतर एकदा. तेव्हा भाषांतर म्हणजे अरामी, कारण लोक ती भाषा बोलत. ज्याची भाषा मराठी, त्याने तिसरं वाचन मराठीत करायला काहीच हरकत नाही, आणि हिब्रू येत नसेल तर तिन्ही वाचनं मराठीत करा. सबंध पराशा शुक्रवारी संध्याकाळी एका बैठकीत उरकायला बसलात तर डोळे नुसते ओळींवरून घसरतात. तोराची एकूण वचनं ५,८४५. म्हणजे एका पराशात सरासरी १०८, आणि सात दिवसांत वाटली तर रोज १५-१६. रविवारी पहिली अलिया, सोमवारी दुसरी, याप्रमाणे शनिवारी सातवी. पंधरा वचनं तीनदा वाचायला वीस मिनिटं पुरतात.

आता एक पराशा जवळून घेऊ : की तेत्से, म्हणजे ‘तू निघशील तेव्हा’. अनुवाद २१:१० ते २५:१९, एकूण ११० वचनं. नव्याच्या सणाआधीचा तिसरा शब्बाथ तिचा. (बेने इस्राएल रोश हशानाला नव्याचा सण म्हणतात.) आज्ञांची गणती करणाऱ्या परंपरेत हिच्यात ७४ आज्ञा मोजतात, एकूण ६१३ पैकी. एवढ्या दुसऱ्या कुठल्याच पराशात नाहीत. म्हणून नवशिक्याला ही सोपी वाटते, आणि फसायलाही हीच सोपी. ७४ आज्ञा समोर आल्या की माणूस ७४ सुविचार लिहून काढतो आणि सोमवारी त्यातला एकही आठवत नाही.

त्यापेक्षा मंगळवारच्या तुकड्याचं पहिलं वचन घ्या, तो कठडाच आहे. दोनदा वाचल्यावर कुठे अडखळायला होतं ते बघा. तांदूळ निवडताना खडा बोटाला लागतो, तसं. इथे दोन खडे आहेत. एक, ‘नवं घर’ का म्हटलं? जुन्या घरावरून कुणी पडत नाही? दोन, ‘पडणारा पडला तर’ ही कुठली भाषा? अजून पडलेला नाही, तर त्याला आधीच ‘पडणारा’ कसं म्हणता?

पहिल्याचं उत्तर जुन्या भाष्यकारांनी असं दिलं : विकत घेतलेलं किंवा वारसाने आलेलं घरही यात धरायचं, पण कठड्याचा विचार बांधकामाच्या वेळीच व्हायला हवा, कुणी पडल्यावर नव्हे. दुसऱ्या खड्यावर राशी थांबतो. राशी म्हणजे रब्बी श्लोमो यित्सहाकी, १०४०–११०५, फ्रान्समधल्या त्र्वा गावचा. आठवड्याची पराशा वाचणारा ज्याला बाजूला ठेवूच शकत नाही असा हा भाष्यकार. तो म्हणतो : त्या माणसाचं पडणं त्याच्या वाट्याला असेलही, पण ते तुझ्या हातून घडू देऊ नकोस. हे वाक्य दोनदा वाचा. ‘त्याचं नशीब’ असं म्हणून हात झटकायची वाट वचनाने बंद केली आहे. तो नशीबाने पडेल की बेफिकिरीने, हा तुझा प्रश्न नाही. धाबं तुझं आहे, तर कठडा तुझा.

पुढे ताल्मुद याच वचनातून आणखी दोन गोष्टी काढतो : घरात चावरं कुत्रं पाळू नये आणि डुगडुगती शिडी ठेवू नये. मैमोनिदेस या यहुदी धर्मशास्त्रकाराने १२व्या शतकात लिहिलेल्या संहितेत मापही आहे. कठडा किमान दहा मुठी उंच, आजच्या हिशेबात साधारण ८० ते ९५ सेंटिमीटर. आणि माणूस टेकला तर कोसळणार नाही इतका भक्कम. तोच पुढे म्हणतो की अंगणातल्या विहिरीलाही हाच नियम. कोकणातल्या कौलारू घरांच्या उतरत्या छपरावर कुणी वावरत नाही, त्यामुळे तिथे धाब्याचा कठडा हा विषयच नव्हता. पण विहीर होती, आणि वचन विहिरीपाशी जाऊन पोचलं. वचनातून आपल्या घरापर्यंत कसं यायचं याचा इतका चांगला नमुना दुसरा नाही. छप्पर या शब्दाला धरून बसलात तर आज्ञा तुमच्यासाठी नाहीच. तिचं कारण धरलंत तर ती तुमच्या घरात येते : बाल्कनीच्या ग्रिलमधल्या गजांची फट, गच्चीच्या टाकीचं निखळलेलं झाकण, न्हाणीघरातला उघडा जोड असलेला गिझर, सोसायटीच्या जिन्यातला दोन महिन्यांपासून गेलेला दिवा. त्यातली एक गोष्ट या आठवड्यात दुरुस्त करायची. एकच, आणि शुक्रवारच्या आत. त्यापेक्षा मोठा संकल्प केला की तो पुढच्या वर्षीच्या की तेत्सेपर्यंत टिकत नाही.

म्हणजे रीत अशी : वचन जसं आहे तसं, त्यातला खडा, एका भाष्यकाराचं उत्तर, आज्ञेचं कारण, आणि त्या कारणाला लागू पडणारं आपल्या घरातलं एक काम. यातली मधली पायरी गाळली की सगळं बिघडतं. वचनावरून थेट कामावर उडी मारली तर काम आपल्या आवडीचं निघतं आणि वचन नुसतं सजावटीला उरतं. भाष्यकारावरच थांबलात तर विद्वत्ता झाली, पण दिवा तसाच बंद राहिला.

हीच रीत शनिवारच्या तुकड्याला लावून पाहा. सातवी अलिया मजुराच्या पैशाने सुरू होते : त्याच दिवशी त्याची मजुरी दे, त्यावर सूर्य मावळू देऊ नकोस, कारण तो गरीब आहे आणि त्याकडे आपला जीव लावून असतो. खडा ‘जीव’ या शब्दात आहे. ‘तो वाट बघतो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. ताल्मुद विचारतो : हा शिडीवर का चढला, झाडाला का लोंबकळला, मरणाच्या तोंडाशी का गेला? मजुरीसाठीच ना? अलिबाग-रेवदंड्याकडे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला ज्याने एकदा खालून नीट पाहिलं आहे, त्याला यावर टीप नको. तो वर गेला तेव्हा जीव पुढे करून गेला. खाली आल्यावर ‘सुटे नाहीत, उद्या ये’ म्हणणं म्हणजे त्या जिवाला रात्रभर ताटकळत ठेवणं.

नियमातला तपशीलही इथे उपयोगी आहे. मिश्ना म्हणजे ताल्मुदच्या गाभ्यात असलेला जुना नियमसंग्रह. त्यानुसार दिवसपाळीचा मजूर पुढच्या रात्रभरात पैसे मागू शकतो, रातपाळीचा पुढच्या दिवसभरात. दोष कधी लागतो? त्याने मागितले आणि देणाऱ्याकडे होते तेव्हा. आठवड्याने किंवा महिन्याने द्यायचं ठरलं असेल तर मुदत तिथून मोजायची. म्हणजे महिन्याने पगार घेणाऱ्या बाईंना रोज पैसे द्या असं वचन सांगत नाही. ठरलेली तारीख ओलांडू नका असं सांगतं. या आठवड्याचं काम : प्लंबर, इस्त्रीवाला, भंगार उचलणारा, यातल्या ज्याचे पैसे ‘बघू नंतर’ म्हणून राहिले आहेत त्याला ते सूर्य मावळायच्या आत पाठवणं. आणि त्याला मागावं लागू नये हे बघणं, कारण गरीब माणूस पुष्कळदा लाजेने मागत नाही.

सोमवारच्या तुकड्यात हरवलेल्या वस्तूची आज्ञा आहे. भावाचा बैल किंवा मेंढरू भरकटलेलं दिसलं तर परत ने; मालक कोण ते माहीत नसेल तर घरी आणून सांभाळ. तिथला हिब्रू शब्दप्रयोग विलक्षण आहे. ‘दुर्लक्ष करू नकोस’ असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, ‘तुला नजर चुकवता यायची नाही.’ रस्त्यात पडलेलं पाकीट बघून माणूस पुढे जातो तेव्हा त्याला ते दिसलेलं नसतं असं नाही, त्याने न दिसल्यासारखं केलेलं असतं. मिश्नाने यावर एक अख्खा अध्याय लिहिला. सापडलेलं वस्त्र तीस दिवसांतून एकदा झटकायचं, ग्रंथ सापडला तर तीस दिवसांतून एकदा उघडून वाचायचा, म्हणजे कसर लागत नाही. आणि आज सगळ्यात जास्त चुकतो तो नियम : काय सापडलं ते जाहीर करा, पण ओळखीची खूण सांगू नका. खूण मालकाने सांगायची असते. सोसायटीच्या ग्रुपवर सापडलेल्या अंगठीचा चारही बाजूंनी फोटो टाकला की कुणीही ‘माझीच’ म्हणू शकतो. ‘गेटजवळ अंगठी सापडली आहे, वर्णन सांगून घेऊन जा’ एवढं पुरे. दोन हजार वर्षांपूर्वीचा नियम आहे आणि फोनवर जसाच्या तसा चालतो.

असे सोपे भाग पटकन हाताला लागतात. अवघड भागांचं काय? याच पराशाची सुरुवात युद्धात पकडलेल्या स्त्रीपासून होते, मग नावडती बायको, मग आईबापाचं न ऐकणारा बंडखोर मुलगा आणि त्याला दगडांनी मारण्याची शिक्षा. हे वाचून पुस्तक मिटणारे बरेच असतात, आणि बाकीचे हे भाग सोडून पुढे जातात. सोडू नये. राशी इथे क्रमाकडे बोट दाखवतो : त्या एका मोहातून पुढे घरात तिरस्कार येतो आणि त्या घरातून बंडखोर मुलगा निघतो, म्हणून हे तिन्ही प्रसंग एकामागे एक ठेवले. मुलाच्या शिक्षेबद्दल ताल्मुदमध्ये एक स्पष्ट मत नोंदलं आहे : असा मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही, हा भाग अभ्यासासाठी लिहिला आहे. मग अभ्यास करा. आईबाप म्हणतात, ‘हा आमचा आवाज ऐकत नाही.’ आवाज एकवचनी. त्यावरून रब्बी येहूदांनी अट घातली की आई आणि बाप आवाजाने, रूपाने आणि उंचीने सारखे असल्याशिवाय मुलाला बंडखोर ठरवता येत नाही. अट अशी की ती पुरी होऊच नये. पण तीत घरातली एक गोष्ट उघडी पडते : आई ‘अभ्यासाला बस’ म्हणते आणि बाप ‘असू दे गं’ म्हणतो, त्या घरात मुलाने कुणाचा आवाज ऐकायचा होता? शिक्षेचं वचन वाचता वाचता प्रश्न आईबापांकडे वळतो.

कंटाळवाणे भागही असेच. लेवीयमधल्या तझरिया आणि मेत्सोरा या दोन पराशा त्वचेवरचे आणि भिंतीवरचे डाग यांनी भरलेल्या आहेत. वसंतातले हे दोन आठवडे लोक कसेबसे काढतात. पण १४व्या अध्यायात घराच्या भिंतीवर डाग दिसल्यावर मालकाने पुरोहिताकडे जाऊन काय म्हणायचं ते शब्दशः दिलं आहे : ‘मला घरात डागासारखं काही दिसतंय.’ मिश्ना म्हणते, तो स्वतः पंडित असला आणि डाग ओळखत असला तरीही ‘डागासारखं’ एवढंच म्हणायचं. ठरवायचं काम पुरोहिताचं. शिवाय पुरोहित यायच्या आधी घर रिकामं करतात, कारण एकदा त्याने अशुद्ध ठरवलं की आतली मातीची भांडीसुद्धा वाया जातात. गरिबाच्या मडक्याचीही तोराला काळजी. ऑफिसात कुणाच्या हिशेबात फरक दिसला की ‘याने पैसे खाल्ले’ आणि ‘इथे काहीतरी जुळत नाहीसं वाटतंय’ या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते या एका ‘सारखं’मध्ये आहे.

चुका आणखी कुठे होतात? पहिली चूक म्हणजे धडा आधी ठरवून मग त्याला वचन शोधणं. ओळखायची खूण सोपी आहे : वचन काढून टाकलं तरी तुमचं म्हणणं तसंच उभं राहत असेल तर ते वचनातून आलेलं नाही. दुसरी, गोष्टीतला मोठा माणूस जे करतो ते सगळं अनुकरणीय समजणं. याकोब आंधळ्या बापाला बकरीच्या कातड्याने आणि भावाच्या कपड्यांनी फसवतो. त्यावरून ‘हुशारीने मिळवावं’ असा धडा काढणाऱ्याने पुढच्या पराशा वाचलेल्या नसतात. सासरा त्याला ‘आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत’ म्हणून फसवतो, आणि म्हातारपणी पोटचे मुलगे त्याच्यासमोर बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला अंगरखा आणून टाकतात. बकरी आणि कपडा, दोन्ही परत आले. तोरा टीका लिहीत नाही, हिशेब दाखवते. तो यायला कधी कधी तीन आठवडे थांबावं लागतं. तिसरी चूक घराघरात होते : वचन दुसऱ्याला लावणं. कठड्याचं वचन वाचून शेजाऱ्याची गच्ची आठवली तर ते वाचन वाया गेलं.

शब्बाथाच्या जेवणावर चार वाक्यं बोलायची असतील तर पाच मिनिटांच्या वर जाऊ नका. एक वचन, त्यातला एक प्रश्न, एक उत्तर, एक काम. तोराच्या शिक्षिका नेखामा लायबोविच (१९०५–१९९७) यांनी १९४२पासून कित्येक वर्षं आठवड्याच्या पराशावर प्रश्नपत्रिका काढल्या आणि टपालाने लोकांना पाठवल्या. त्यात त्या उत्तरं देत नसत, प्रश्न देत : राशीला इथे काय खटकलं? हा एकच प्रश्न टेबलावर ठेवला तर मुलंही बोलायला लागतात. मराठी माणसाला ही घडण परकी नाही. कीर्तनकार पूर्वरंगात एक अभंग घेतो, त्यातल्या शब्दाशी थांबतो, आणि मग उत्तररंगात आख्यान लावतो. बेने इस्राएलांनी १९व्या शतकाच्या अखेरीस मोशे, योसेफ, अब्राहाम यांची कीर्तनं मराठीत रचली ती याच ओळखीतून. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. शब्बाथाच्या आज्ञेत विश्रांती बैलालाही सांगितली आहे, आणि की तेत्सेमध्ये पुढे येतं : मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नकोस. शनिवारी झापड काढून गोठ्यात उभा असलेला तो घाण्याचा बैल म्हणजे लोकांना चालताबोलता दिसणारी पराशा होती.

शब्बाथाच्या दुपारच्या प्रार्थनेत सेफर तोरा पुन्हा काढतात आणि पुढच्या पराशाची सुरुवात वाचतात, तीन जणांना वर बोलावून. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी तेच पुन्हा. म्हणजे की तेत्से सकाळी संपते आणि त्याच दिवशी दुपारी की तावो कानावर पडते : देशात जाशील तेव्हा जमिनीच्या पहिल्या फळांतलं काही टोपलीत घाल. ते पहिलं फळ कसं ओळखायचं हे मिश्नात आहे. माणूस शेतात जातो, पिकायला लागलेलं एक अंजीर दिसतं, त्याला वेताची दोरी बांधतो आणि म्हणतो, ‘हे पहिलं.’ रविवारच्या पंधरा वचनांसाठी प्रश्न इथेच तयार आहे : तोडायच्या आधीच दोरी का बांधायची?